बॅटरी ४० अंशांना फुटते, हे खरे नव्हे

निपाणी-चिकोडी भागातल्या ऊस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘ड्रोनची बॅटरी ४० अंशांवर गेली की फुटते, म्हणून ती बर्फावर ठेवावी’ असा संदेश फिरतो आहे, त्याबाबत हा खुलासा.

अनेक ड्रोन उत्पादक कंपन्या देतात ती ४० अंश सेल्सिअसची मर्यादा भोवतालच्या हवेची आहे. उडताना मोटारी जोराचा प्रवाह खेचत असल्याने बॅटरीतले सेल हवेपेक्षा बरेच तापतात, आणि उसावर फवारणी करून उतरलेली बॅटरी ५० अंशांच्या घरात असणे हा बिघाड नव्हे. ड्रोनच्या बॅटरीत सहसा असणाऱ्या लिथियम-पॉलिमर सेलना साधारण ६० अंशांपुढे मात्र इजा होऊ लागते, आत वायू तयार होऊन बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा उडवू नये.

खरी चूक, माझ्या मते, जमिनीवर होते: गरम बॅटरी बांधावरच जनरेटरला जोडली जाते, किंवा एप्रिलच्या उन्हात जीपच्या काचेमागे पडून राहते. चार्जिंगची वरची मर्यादा बहुधा ४० ते ४५ अंशच असते, तेव्हा बॅटरी आधी सावलीत निवू द्यावी. बर्फाचा सल्ला तर सपशेल चुकीचा, कारण बाहेर काढताच तिच्यावर ओल धरते आणि तीच जोडणीच्या टोकांत शिरते.