संचालक मंडळाची बैठक वर्षातून किती वेळा होते?

एप्रिलमध्ये भर दुपारी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये एका मॅडमनी मला हा प्रश्न विचारला. मागे दोन पॉवर प्रेस धडधडत होते, म्हणून त्यांना तो दोनदा विचारावा लागला. मला हसू आलं. आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, संचालक तीन: मी, बायको आणि आई. बैठक रोज रात्री नऊला, पिठलं-भाकरी किंवा जे असेल त्यावर. कायद्याने आमच्यासारख्या छोट्या कंपनीला दर सहामाहीत किमान एक बैठक घ्यावी लागते. तिचं इतिवृत्त सीए लिहून पाठवतात, आम्ही सह्या करतो. सूचक मी, अनुमोदक आई. आईला डाय आणि पंच यांतला फरक सांगता येणार नाही, पण कोणाकडे किती उधारी थकलीय हे तिला तोंडपाठ.

मॅडम पीएचडी करतात. विषय, लघुउद्योगांतलं कॉर्पोरेट गव्हर्नन्स, म्हणजे कंपनीचा कारभार कोण, कसा चालवतं आणि कोणाला उत्तर देतं. हातात आठ पानी प्रश्नावली, प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. सातवं विधान मला पाठ झालंय: 'आमच्या संस्थेतील स्वतंत्र संचालक निर्णयप्रक्रियेत प्रभावी भूमिका बजावतात.' स्वतंत्र संचालक, म्हणजे मालकाशी लागाबांधा नसलेला बाहेरचा माणूस! आमच्याकडे स्वतंत्र म्हणावा असा एकच माणूस, आमचा टूलरूमवाला. त्याच्या मनात येईल तेव्हा तो येतो. मी 'तटस्थ'वर खूण केली. पुढे आणखी दहा-बारा ठिकाणी तेच केलं. उद्या या खुणांची बेरीज होऊन 'नाशिकचे लघुउद्योजक सुशासनाबाबत उदासीन' असा निष्कर्ष निघाला तर त्यात माझा हातभार आहे, हे आधीच कबूल करतो.

खरी गोष्ट नंतर झाली. चहा आला, वही मिटली आणि मॅडमनी सहज विचारलं, "सर, तुमच्यानंतर हे कोण बघणार?"

त्या एका प्रश्नावर मी पाऊण तास बोललो. वडिलांनी एका सेकंडहँड प्रेसवर सुरुवात कशी केली, मुलगा पुण्यात आयटीत कसा रमलाय. मुलगी सुट्टीत येते तेव्हा डिस्पॅचचं चलन माझ्यापेक्षा नीट बनवते. आणि तिला मी आजवर एकदाही विचारलेलं नाही की तुला हे चालवायचंय का. हे बोलता बोलता माझं मलाच कळलं. मी म्हटलं, "मॅडम, हा प्रश्न तुमच्या आठ पानांत का नाही?"

"सर, स्केल, म्हणजे प्रश्नांचा संच, आधी मान्य झालेलं लागतं. परदेशी पेपरमधलं घेतलं की हरकत येत नाही."

"आणि खर्च कोण देतं?"

त्या हसल्या. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, फेलोशिप नाही. स्कूटीचं पेट्रोल त्यांचं, झेरॉक्स त्यांची, अंबड-सातपूरच्या उन्हातल्या फेऱ्याही त्यांच्याच. यादीत दोनशे युनिटं आहेत, बहुतेक ठिकाणी वॉचमनच सांगतो, साहेब नाहीत. मीही दोनदा तेच सांगायला लावलं होतं. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा मी गेटवरच सापडलो.

ही पोस्ट त्यांच्यावर टीका म्हणून नाही, आपल्यावर, उद्योजकांवर आहे. आपण कुठल्याही कार्यक्रमात माईक मिळाला की म्हणतो, विद्यापीठातलं संशोधन जमिनीवरचं नसतं. नसतंच. पण जमिनीवर उतरायला पेट्रोल लागतं, आणि ते कोणी घालायचं यावर आपण गप्प.

संशोधन तिकडेच जातं जिकडे आकडे आयते मिळतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे ताळेबंद जाहीर असतात. मुंबईच्या सीएमआयई या आर्थिक आकडेवारी गोळा करणाऱ्या संस्थेचा 'प्रोवेस' हा डेटाबेस घेतला की ते रांगेत मांडलेले मिळतात. तो घेणं साध्या कॉलेजला परवडत नाही, हा भाग वेगळा. कंपनी खात्याच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की एका कंपनीची कागदपत्रं बघता येतात. पण आपल्याकडची बहुतेक युनिटं प्रोप्रायटरी नाहीतर भागीदारी. ती त्या पोर्टलवर नाहीतच. त्यामुळे गव्हर्नन्सवरचं संशोधन म्हटलं की २००९ चा सत्यम घोटाळा, २०१८ चं आयएल अँड एफएसचं बुडणं, आणि नोंदलेल्या कंपन्यांचे नियम सुचवणाऱ्या बिर्ला आणि कोटक समित्या. ते व्हायलाच हवं, लोकांचा पैसा बुडाला होता तिथे. पण मोठ्या कंपनीला माल देणारा वेंडर कसा चालतो, दोन भाऊ वेगळे होताना शेडच्या मध्ये भिंत घालतात तेव्हा ऑर्डरी कोणाकडे जातात, हे कोणी लिहायचं?

एक उदाहरण देतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने छोट्या पुरवठादाराचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. मी आजपर्यंत एक रुपया व्याज मागितलेलं नाही. मागितलं तर पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, येणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरला जाणार नाही. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. दोन महिन्यांत एका जुन्या ग्राहकाच्या परचेसमधून फोन आला, "तुमची उद्यम नोंदणी काढून टाकता येईल का?" (ही लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद; ती नसली की ग्राहकाला ४३बी(एच)ची धास्ती नाही.) नाव घेत नाही, अजून त्यांच्याच कामावर दोन माणसांचा पगार निघतो. आता मला सांगा, असा फोन मलाच आला की नाशकातल्या निम्म्या वेंडरांना? कायदा चांगला की वाईट, हे त्या आकड्यावर ठरणार. तो काढायला दोन वर्षं पायपीट करणारी माणसं लागतील, आणि त्यांना पगार लागेल.

सरकार देईल म्हणाल, तर देशाचा संशोधनावरचा सगळा खर्च मिळून २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायला सांगतं खरं. पण सातव्या परिशिष्टात संशोधनासाठी विद्यापीठांना पैसे द्यायची जी तरतूद आहे, तिच्यात शब्द आहेत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक. धंदा कसा चालवावा, कंपनी कोणाला उत्तरदायी असते, हे त्यात बसत नाही. 'शिक्षण' या कलमातून वाट काढता येते म्हणतात, पण त्यापेक्षा नाव रंगवलेला बाक देणं सोपं. कंपन्यांना त्यांच्याच कारभाराचा अभ्यास करायला पैसे द्या म्हणणं थोडं विनोदीही आहे, मान्य.

तरी देणगीतून असं जमिनीवरचं संशोधन आपल्याकडे घडलेलंच नाही असं नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ जन्माने नाशिकचे, १९०१ चे. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली ती रावबहादूर काळे यांच्या देणगीतून, आणि तिचे पहिले संचालक गाडगीळ. या संस्थेने सुरुवातीला काय केलं, तर पुण्याच्या बाजारात फळं येतात कुठून, विकतं कोण, मधले किती खातात याची पाहणी. १९३३ मध्ये ती छापून आली. द्राक्षवाल्या नाशकाने हे दोनदा वाचावं. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते, त्याचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्राचा पंडित आणि गावच्या शेतकऱ्यांचा कारखाना, एकाच टेबलावर.

आणि आज? मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे. शेतकऱ्यांच्या मालकीतून उभी राहिलेली कंपनी, २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्या उपकंपनीत ३१० कोटी घातले. शेतकरी उत्पादक कंपन्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आल्या. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. बाहेरचं भांडवल आलं की या 'एक माणूस, एक मत'चं काय होतं? कॉर्पोरेट गव्हर्नन्समधला यापेक्षा चांगला प्रश्न मला तरी माहीत नाही, आणि तो दिंडोरी तालुक्यात बसलाय, गंगापूर रोडवरून गाडीने तासाभराच्या आत. त्याच जिल्ह्यात कागदावरच राहिलेल्या उत्पादक कंपन्याही आहेत. एक चालते, दुसरी का बसते? यावर दहा वर्षं नजर ठेवून बसणारा माणूस हवा, एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट नको.

म्हणून मागच्या महिन्यात आमच्या उद्योजकांच्या एका बैठकीत मी विषय काढला. प्रत्येकी वर्षाला पाच हजार, शंभर जण जमले तरी एका-दोघांचं मानधन आणि फिरण्याचा खर्च निघतो. पहिली प्रतिक्रिया: "त्यापेक्षा रस्त्यावरचे दिवे लावून घेऊ." दुसरी: "आपणच पैसे देऊन आपली माहिती इन्कम टॅक्सवाल्यांना पोचवायची का?" यात तथ्य आहे, नावं गुप्त राहतील अशी व्यवस्था आधी हवी. तिसऱ्याने मात्र मला खरोखर अडवलं. बडे गृहस्थ आहेत. म्हणाले, "मी पंचवीस हजार देतो, पण रिपोर्ट छापायच्या आधी एकदा डोळ्याखालून घालीन."

मी नाही म्हटलं. पंचवीस हजारांना नाही म्हणताना पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू. पण पैसे देणाऱ्याने निष्कर्षावर हात ठेवला की ते संशोधन राहत नाही, स्मरणिकेतली जाहिरात होते. पैसे द्यायचे, ते तिसऱ्याच दोन-चार जाणत्या माणसांनी वाटायचे, आणि आपण दारं उघडी ठेवायची. आपल्याविरुद्ध काही निघालं तर तेही छापू द्यायचं. आणि एक अट माझी: यातला रुपयाही दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि 'एकदिवसीय राष्ट्रीय परिषद' यांवर जाता कामा नये. ते सगळं भरपूर होतं, फोटोही छान येतात.

बैठकीत विषय 'पुढे विचारार्थ' गेला. म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

मॅडमना मी परवा फोन केला. म्हटलं, प्रश्नावली राहू द्या, शनिवारी या. २०१६ पासूनचं पेमेंटचं रजिस्टर काढून ठेवतो. बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख, सगळं त्यात आहे. नावं तेवढी झाका. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग म्हणाल्या, "सर, खरंच?"

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मला चालेल, पण रजिस्टर आईंच्या हातचं आहे, त्यांना विचारलंस का? नव्हतं विचारलं. तेव्हा बैठक आज रात्री नऊला. मुलीलाही बसवतोय. इतिवृत्त या वेळी सीएकडून नको, तीच लिहील.