मगरीपासून सुरुवात करा

‘लहान मुलांना फक्त गोष्टी आवडतात, माहितीची पुस्तकं कंटाळवाणी वाटतात’ हे मुलांच्या वाचनाबद्दलच्या एका लेखातलं मत अजिबात पटलं नाही. मुलांना कंटाळा येतो तो वाचून झाल्यावर होणाऱ्या प्रश्नोत्तरांचा!

आम्ही बडोद्याचे. इथल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, पूर आला की वस्तीतही शिरतात. दुसरीतल्या नातवाला एकच जाणून घ्यायचं होतं, मगर तोंड उघडं टाकून का पडते? पुस्तकात मिळालं: अंग तापलं की ती तोंडावाटे उष्णता बाहेर टाकते. मग स्वारी आपणहून अंड्यांच्या पानावर. घरट्यातल्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, हे वाचल्यावर घरात दिसेल त्याला तेच सांगणं चालू होतं.

अशी पुस्तकं पहिल्या पानापासूनच वाचायची सक्ती नको. चित्राखालची ओळ वाचली तरी ते वाचनच. आणि जमेल तिथे खरी वस्तू दाखवा. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडा आहे; देवमाशाचं पान वाचून तिथे नेलं की मुलं पावलांनी लांबी मोजू लागतात.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डनसाहेबांना बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी केली, पेट्यांमधून पुस्तकं फिरवली. त्याच बडोद्यात आज सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी मोठ्या टायपातली, छोट्या वाक्यांची मराठी माहितीपुस्तकं शोधत फिरावं लागतं, याचं फार वाईट वाटतं. प्रकाशकांनी खरंच मनावर घ्यावं. तोवर आम्ही एक परिच्छेद आजीचा, एक नातवाचा असं वाचतो.