आधी टूलचं डिस्क्रिप्शन वाचा
एका लेखात म्हटलंय की एआय एजंट (टूल म्हणजे बाहेरची फंक्शन्स स्वतः कॉल करून काम करणारा एआय) एखादं टूल चुकीचं वापरत असेल तर त्यामागचं एआय मॉडेल बदलून बघा, मला हे अजिबात पटलं नाही, आधी त्या टूलचं डिस्क्रिप्शन उघडून वाचा ना. एमसीपीत (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायच्या प्रमाणित पद्धतीत) मॉडेलपुढे मुख्यतः टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा) येतो, आतला कोड नाही. आम्ही इथे नाशकात बाजारभावाच्या टूलवर काम करतो, त्यात नुसतं 'भाव आणतो' लिहून काय कळणार? लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलवर निघतो आणि विचारणारा विचारतो किलोचा, मग 1800 म्हणजे किलोला 18 हे एजंटला कोण सांगणार? तारखेचंही तेच, 03-04-2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, फॉरमॅट उदाहरणासकट लिहाच. आणि सुट्टीला लिलाव नसतो तेव्हा रिकामी यादी येते, तर 'आज लिलाव बंद' की 'मार्केटचं नाव चुकलं' हे उत्तरातच स्पष्ट आलं तर एजंट बऱ्याचदा स्वतःच दुरुस्त करून परत कॉल करतो, नुसता 400 हा एरर कोड फेकला तर तो अंदाजच बांधत बसणार. डेटा डिलीट करणाऱ्या टूलवर तर 'हे परत मिळणार नाही' असं पहिल्याच ओळीत हवं, हे बहुतेक जण लिहीतच नाहीत.