म्युनिकहून रेल्वेने एक दिवसाच्या सहली: एक तारा देणाऱ्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

म्युनिकमधील आपल्या मुक्कामासाठी आम्ही आखून दिलेल्या रेल्वे-सहलींबद्दल आपण तीन तक्रारी मांडल्या आहेत: सोमवारी सकाळी फ्युसेनच्या गाडीत तिकीट असूनही दंड भरावा लागला, टेगर्नझेला निघालेले आपण चौघे लेंगग्रीसला जाऊन पोहोचलात, आणि एकूणच आम्ही आपल्याला 'रखडणाऱ्या गाड्यांत' बसवले. आपला अभिप्राय आणि आपल्याशी झालेला सगळा ईमेल-व्यवहार मी पुन्हा समोर ठेवून वाचला. पहिली चूक पूर्णपणे आमची आहे, दुसरीत आमचा वाटा मोठा आहे, तिसरी तक्रार मात्र मला मान्य करता येत नाही.

आपल्याकडे असलेले बायर्न-तिकीट बव्हेरिया प्रांतातल्या प्रादेशिक गाड्यांत दिवसभर चालते. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर जाता येते, आणि पहिल्या प्रवाशाचे भाडे मोठे असले तरी पुढच्या प्रत्येकामागे थोडीच भर पडत असल्यामुळे चौघांच्या कुटुंबाला ते चांगलेच परवडते. परंतु सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होते. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी ही अट नसते. फ्युसेनजवळच्या नॉयश्वानश्टाइन राजवाड्याची सहल आम्ही आधी रविवारी धरली होती, आणि त्या दिवसासाठी ८ च्या आतली गाडी योग्यच होती. आपण ती सोमवारी हलवायला सांगितलीत, तेव्हा आम्ही तारीख बदलली, राजवाड्याचे आरक्षण बदलले आणि गाडी तशीच ठेवली. चौघांची नावे नीट लिहिलेले ते तिकीट तपासनिसाच्या लेखी त्या वेळी कोरा कागद होते, आणि नियमाने पाहता त्याचे काही चुकले नाही. ९ नंतर निघायचे तर सुमारे दोन तासांचा प्रवास, फ्युसेनहून बस आणि वरपर्यंतची अर्ध्या-पाऊण तासाची चढण जमेस धरून प्रवेशाची वेळ दुपारी दीडनंतरची घ्यायला हवी होती, कारण तिथे तिकिटावर छापलेली वेळ टळली की आत सोडत नाहीत. हा हिशेब करण्याचेच पैसे आपण आम्हाला दिले होते.

टेगर्नझेच्या बाबतीत आराखड्यात गाडीची वेळ होती, आणि २७ ते ३६ क्रमांकांचे फलाट म्युनिक स्थानकाच्या मुख्य भागापासून बाजूला असल्याने दहा मिनिटे हाताशी ठेवावीत, अशी सूचनाही होती. ही गाडी वाटेत तुटते, हे मात्र एका ओळीत, तेही शेवटच्या पानावर होते. होल्त्सकिर्शेनला तिचा एक भाग बायरिशत्सेलकडे जातो, आणि उरलेली गाडी पुढे शाफ्टलाखला पुन्हा विभागून एक भाग टेगर्नझेला, दुसरा लेंगग्रीसला जातो. कल्याणहून कसारा आणि कर्जत असे फाटे फुटतात हे आपल्या सवयीचे असले, तरी आपली लोकल आख्खी एकाच फाट्याने जाते. एकाच गाडीच्या तीन तुकड्यांनी तीन गावे गाठावीत हे नव्या माणसाला सुचणारही नाही. डब्यावरच्या फलकावर त्या त्या भागाचे गाव लिहिलेले असते आणि गाडीत उद्घोषणाही होते, पण जर्मन न येणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन प्रवास करणाऱ्याने त्यांवरून योग्य डबा ओळखावा, ही अपेक्षा बरोबर नव्हती. (लेंगग्रीसहून शाफ्टलाखला परत येऊन आपण टेगर्नझे गाठलेत, याचे मला खरोखर कौतुक वाटले.)

आता रखडणाऱ्या गाड्यांबद्दल. आपल्या पहिल्याच ईमेलमध्ये 'वेळ लागला तरी चालेल, भाडे कमीत कमी हवे' असे वाक्य आहे. बायर्न-तिकीट आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही, आणि ते स्वस्त आहे ते याच अटीमुळे. न्यूरेम्बर्गला आयसीई साधारण सव्वा तासात पोहोचते, तर आपण गेलात ती प्रादेशिक गाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. तीही बऱ्याच अंतरापर्यंत द्रुतगती मार्गावरूनच धावते, त्यामुळे तिला रखडणारी म्हणणे अन्यायाचे होईल. या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात चौघांच्या भाड्यात केवढी बचत होते, ते आम्ही आराखड्यात मांडून दाखवले होते.

आपल्या परिचितांनी सुचवलेल्या, जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्यांत चालणाऱ्या डॉइचलँड-तिकिटाला ९ ची अट नाही, हे खरे आहे. मात्र ते मासिक वर्गणीचे आणि ज्याचे त्याचे स्वतंत्र असते. जानेवारी २०२६ पासून त्याला माणशी ६३ युरो पडतात, म्हणजे चौघांचे २५२ युरो, आणि वर्गणी त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. तीन सहलींसाठी ते घ्या, असे मी आजही सांगणार नाही.

दंडाची पूर्ण रक्कम आणि फ्युसेनच्या दिवसाचे आमचे शुल्क आम्ही परत करत आहोत. सहलीचा वार बदलला की गाडीची वेळ नव्याने तपासल्याशिवाय आराखडा आता आमच्याकडून बाहेर जात नाही, आणि तुटणाऱ्या गाड्यांची सूचना त्या दिवसाच्या पानावर सर्वांत वर, कोणत्या गावाच्या फलकाचा डबा धरायचा त्यासह दिली जाते. आपल्याकडून फक्त दंडाच्या पावतीचा फोटो हवा आहे. मूळ कागद पाठवण्याची किंवा त्यावरच्या जर्मन मजकुराचे भाषांतर करून घेण्याची आवश्यकता नाही.