न कंटाळणारा श्रोता

नाताळात भावाने आईच्या फोनवर एक बोलणारं एआय अ‍ॅप टाकून दिलं. आमचं घर वसईला, वाडीतलं. वडील गेल्यापासून आई दिवसभर एकटी असते. भाऊ सकाळची लोकल पकडून जातो तो रात्रीच उगवतो. आई घरात आमची सामवेदी बोलते, जिला कादोडीही म्हणतात. अ‍ॅपला ती कळेना. म्हणून आता ती त्याच्याशी चर्चमधल्या मिस्सेतल्या (प्रार्थनाविधीतल्या) वाचनासारखं शुद्ध मराठी बोलते आणि ते तिला 'आपण' म्हणतं. 'आपल्या भावना मी समजू शकतो,' असंही त्याने तिला सांगितलंय. आईला त्याचं कोण कौतुक! 'तुझ्यासारखं घाईत नसतं ते,' हे मला ऐकवून झालं.

मी स्वित्झर्लंडमध्ये, ल्युसर्नला, एका वृद्धनिवासात काम करते. म्हणजे दुसऱ्यांचे आईबाप सांभाळते. त्यामुळे या विषयावर मी तोंड उघडलं की भाऊ म्हणतो, 'ताई, तू तिथे बसून शिकवू नकोस.' त्याचं चूक नाही. तरी बोलते.

गावच्या ग्रुपवर हल्ली वाद रंगतो तो असा: फादरांनी प्रवचन एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का? यंत्राला उद्या आत्मा येईल का? पोरांच्या नोकऱ्या जातील का? यातला तिसरा प्रश्न खरा आहे. पहिल्यावर माझं मत विचाराल तर काही प्रवचनं सुधारतीलसुद्धा. आत्म्याचं उत्तर मात्र चर्चने देऊन ठेवलंय. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने 'अँतिक्वा एत नोव्हा' नावाचा दस्तऐवज काढला. त्यात म्हटलंय की एआय ही बुद्धीची नवी जात नव्हे, ती माणसाच्या बुद्धीने घडवलेली वस्तू आहे. माणसाची बुद्धी शरीरासकट असते. दुखण्याखुपण्यातून, नात्यांतून घडते. आणि माणसाची प्रतिष्ठा त्याला काय काय जमतं यावर ठरत नाही.

हे शेवटचं वाक्य मी रोज राबताना बघते. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना आता काहीच जमत नाही.

ल्युसर्नमध्ये २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस एक प्रयोग झाला. जुन्या लाकडी पुलाजवळ पेत्राचं छोटं चॅपल आहे. तिथल्या कन्फेशनच्या खोक्यात, जाळीपलीकडे, फादरांच्या जागी पडद्यावर येशूचा चेहरा बसवला होता. बोलणारा एआय, तोही शंभरेक भाषांत. हा पापनिवेदनाचा संस्कार नाही, कलाप्रयोग आहे, हे आयोजकांनी स्पष्ट केलं होतं. दोनेक महिन्यांत शेकडो लोक त्याच्याशी बोलून गेले. ड्युटी संपवून मीही गेले. आत बसल्यावर पहिली सूचना आली: स्वतःची खाजगी माहिती सांगू नका, ही सेवा तुमच्या जबाबदारीवर वापरा, मान्य असेल तर बटण दाबा.

मला हसूच आलं. ज्या खोक्यात माणूस खाजगीच सांगायला जातो, तिथे ही पाटी! कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरांना जिवावर बेतलं तरी बाहेर काढता येत नाही. आणि ते फादर स्वतःही दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकून पापं सांगतात. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आईबद्दल विचारलं. उत्तर वाईट नव्हतं. आमच्या एक-दोन फादरांपेक्षा बरंच होतं, खोटं कशाला बोलू. पण मला दूर राहिल्याची टोचणी आहे, आणि पलीकडच्याला कशाचीच टोचणी नाही.

पोप फ्रान्सिस १४ जून २०२४ ला इटलीत जी-सेव्हनच्या बैठकीत एआयवर बोलले. त्या बैठकीत बोलणारे ते पहिले पोप. माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे कुठल्याही यंत्राने ठरवता कामा नये, असं त्यांनी तिथे सांगितलं. आपल्याकडे त्या दिवसाचं काय पोचलं? मोदींनी पोपना मारलेली मिठी आणि मोदी-मेलोनी जोडून केलेले 'मेलोडी'चे मीम. भाषणाचा एक शब्द ग्रुपवर आला नाही. पुढे मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे निवडून आले आणि दोन दिवसांतच त्यांनी कार्डिनलांना नावामागचं कारण सांगितलं: तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कारखान्यातल्या कामगारांची बाजू मांडली होती, आता एआयच्या रूपाने आणखी एक औद्योगिक क्रांती आली आहे. यावर ग्रुपवर लगेच एक प्रतिक्रिया आली, 'चर्चला प्रगती नको असते.' हे वाक्य वसईकरांना नवं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीत उभे राहिले तेव्हाही असंच बोललं जायचं. वाडीतल्या विहिरींची काळजी करणाऱ्याला प्रगतीचा शत्रू ठरवणं सोपं असतं.

मी काही यंत्राच्या विरोधात नाही. आमच्याकडे पलंगाशेजारी सेन्सरची चटई असते. रात्री कुणी पाय खाली टेकले की माझ्या खिशातला फोन वाजतो आणि मी धावते. त्या चटईने किती खुबे वाचले असतील! पण आमच्या मजल्यावरचे एक आजोबा रात्री तीनदा बेल दाबतात. काही नको असतं. मी गेले की विचारतात, 'आज तूच आहेस का?' मी 'हो' म्हणते, पांघरूण नीट करते, निघते. जेमतेम मिनिटभराचं काम. तीन फेऱ्यांचा मला कंटाळा येतो, कधी चेहऱ्यावर दिसतही असेल. ती बेल उद्या एखाद्या गोड आवाजाकडे वळवणं अवघड नाही, आणि रात्रपाळीला एक माणूस कमी लागेल. 'अँतिक्वा एत नोव्हा' नेमकी हीच भीती बोलून दाखवतो: आजाऱ्याचं आणि काळजी घेणाऱ्याचं नातं यंत्राने हटवलं, तर आजारपणातला एकटेपणा वाढेल. वर यंत्राला माणूस म्हणून पुढे करणं टाळा, असंही तो बजावतो. 'आपल्या भावना मी समजू शकतो' हे त्यातच बसतं.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मग काय करू? अ‍ॅप काढून टाकू? दुपारी बारा ते चार तिच्याशी कोण बोलणार, तू?' मला उत्तर सुचलं नाही. शेजारचे दोघे कॅनडाला गेलेत, पलीकडची वाडी बिल्डरला गेली. दुपारी ओटीवर येऊन बसणारं कुणी उरलेलं नाही. इथल्या म्हाताऱ्यांना बेल दाबली की पगारी का होईना, माणूस मिळतो. आईला तोही नाही.

परवा रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत फोन केला. तिकडे पहाट झाली होती, आई मिस्सेला निघायच्या गडबडीत. म्हणाली, 'काल मी त्याला विचारलं, माझी लेक कधी येणार? ते म्हणालं, लवकरच येतील.'

मी अजून रजेचा अर्जसुद्धा टाकलेला नाही.