कावेरीचा महसीर गळवाल्यांनी वाचवला म्हणे!

“कावेरीतला महसीर गळवाल्यांनी वाचवला. 2012 मध्ये सरकारने गळ बंद केले आणि मासा संपला. पकडून सोडलेल्या माशाला काही होत नाही. तेव्हा हॅचरीतून महसीरचं बीज आणा आणि आपापल्या नदीत सोडा. अमेरिकेत निसर्ग शिकारी आणि गळवालेच राखतात.” हा फॉरवर्ड काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लगेच वर्गणी सुरू झाली: यंदा गावच्या नदीत महसीरची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची. म्हणून हा खटाटोप.

बीजापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या नुसत्या गप्पा आहेत, हे मात्र लोक खरंच करतात.

कावेरीचा मूळ मासा म्हणजे पाठीला कुबड असलेला, सोनेरी अंगाचा महसीर. कावेरीचं खोरं सोडून तो कुठेच नाही. त्याच पाण्यात 1970च्या दशकापासून निळ्या पराचा महसीर आणून सोडला गेला. ते बीज आपल्याच लोणावळ्याच्या, टाटांच्या हॅचरीतलं. हेतू चांगलाच होता. पुढे काय झालं ते कावेरीवरच्या गालिबोरे या गळवाल्यांच्या कॅम्पच्या नोंदवह्यांतून कळतं. पिंडर, राघवन आणि ब्रिटन या संशोधकांनी 1998 ते 2012 च्या नोंदी तपासून 2015 मध्ये निष्कर्ष छापले: 23,620 तासांची गळ-मासेमारी, 6,161 महसीर, सगळे परत सोडलेले. ताशी मिळणारे मासे वर्षागणिक वाढले, सरासरी वजन मात्र उतरत गेलं. रंगानुसार वेगळं काढल्यावर खरं चित्र दिसलं. वाढत होता तो निळ्या पराचा, सोनेरी नाहीसा होत होता. गळाला मासे भरपूर लागतायत म्हटल्यावर शंका कोण घेणार? या कुबडवाल्याची ‘टॉर रेमादेवी’ या शास्त्रीय नावाने ओळखसुद्धा 2018 मध्ये पटली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

म्हणजे बंदीने मासा संपला हेही खोटं. घसरण गळ चालू असतानाचीच आहे.

आता गावच्या नदीचं. दोन इंची बोटुकली कुठल्या जातीची हे नुसतं बघून ओळखणं जाणकारालाही जड जातं. एका खोऱ्यातलं बीज दुसऱ्यात टाकलं की खाणं तेच, डोह तेच, आणि स्थानिक माशाशी संकर होण्याची भीती वेगळी. एकदा सोडलेलं बीज परत गोळा करता येत नाही. मासा वाढवायचाच असेल तर चढणीच्या दिवसांत, म्हणजे अंडी घालायला मासे वर सरकतात तेव्हा, जाळी लावू नका. उन्हाळ्यात डोह उपसू नका. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, तिथे महसीर आहेतच की.

“सोडलेल्या माशाला काही होत नाही” हे कसं सोडता त्यावर आहे. मोठा महसीर जोरदार धारेत झुंजून पार थकतो आणि उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. गळ एकच आणि बिनकाट्याचा हवा, तिहेरी नको. नाचणीचा गोळा लावला तर मासा गळ खोलवर गिळू शकतो. मग उपटायला जाऊ नका, दोरी तोंडाजवळ कापा. हात ओले ठेवा, मासा वाळूत किंवा खडकावर ठेवू नका, कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवू नका. फोटोसाठी दहा सेकंद पाण्याबाहेर, बस. मग तोंड धारेकडे करून धरा आणि तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत सोडू नका. ग्रुपवरचे निम्मे फोटो यात नापास होतील.

“गळवाल्यांनी वाचवला” यातला पहाऱ्याचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. कावेरीवर गळवाल्यांच्या पैशातून राखणदार ठेवले होते, पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाही त्यात काम मिळालं. नदीत सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना त्यांचा धाक होता, आणि कॅम्प बंद झाल्यावर तो गेला.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथे 1937 आणि 1950 च्या कायद्यांनी बंदुका-काडतुसांवरचा आणि गळाच्या सामानावरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव आणि मत्स्य खात्यांना बांधून दिलाय. आपण रीळ घेतो त्यावरचा जीएसटी नदीकडे जात नाही, तेव्हा ती फुशारकी आपल्याला लागू नाही.

तेव्हा बीजाऐवजी काकांच्या वर्गणीतून एक जाड वही आणि मोजपट्टी घ्या. तारीख, डोह, गळ पाण्यात किती तास, माशाची लांबी, पराचा रंग. आणि काहीच लागलं नाही ते तासही लिहा, नाहीतर ताशी हिशोब खोटा येतो.