नॉर्वेचं तेल, वणीचा कोळसा: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

नॉर्वेच्या तेलनिधीवरच्या, म्हणजे तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी साठवणाऱ्या सरकारी निधीवरच्या, लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पन्नास-पंचावन्न लाखांच्या देशाचं कौतुक आम्हाला कशाला? इथं कापसाला भाव नाही, अन् आमच्या वावराखाली तेलही नाही." तुमचा राग रास्त आहे. लोकसंख्येचा मुद्दा मात्र मला पटत नाही.

इक्वेटोरियल गिनीची वस्ती नॉर्वेपेक्षा कितीतरी कमी. १९९०च्या दशकात तिथं समुद्रात तेल लागलं, दरडोई उत्पन्न आफ्रिकेत वरच्या रांगेत गेलं, अन् साधा माणूस गरीबच राहिला. १९७९पासून तिथं एकच राष्ट्राध्यक्ष आहे. तेलावर पोसलेल्या सरकारला लोकांच्या कराची गरज उरत नाही, मग हिशेब मागणाऱ्याला ते कशाला विचारतं? नॉर्वेला तेल १९६९मध्ये सापडलं. पण १९०९मध्येच त्यांनी कायदा केला होता, की वीज काढायला खासगी कंपनीला दिलेला धबधबा मुदत संपल्यावर सरकारजमा होईल. निसर्गाची संपत्ती सगळ्यांची, हे तिथं तेलाच्या आधीच मुरलं होतं. म्हणून तेलकंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर बसू शकला. १९९०मध्ये निधीचा कायदा झाला. सरकारनं त्यातून वर्षाला साधारण ४ टक्केच वापरावेत, असं २००१मध्ये ठरलं. २०१७मध्ये ते ३ टक्क्यांवर आणलं.

आता आपल्याकडे या. तेल नाही, पण वणी, भद्रावती, उमरेडच्या मातीखाली कोळसा आहे. कोळशाच्या रस्त्यालगतची पराटी पाहिलीत का? ट्रकवरची ताडपत्री फडफडत जाते अन् फुटलेल्या बोंडांवर काळी भुकटी बसते. तोच कापूस बाजारात नेला की व्यापारी "माल काळा आहे" म्हणून भाव पाडतो. कोळशाचा पैसा अन् तुमचा कापूस इथं थेट भिडतात.

यासाठीच २०१५च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के रक्कम त्यात वेगळी भरावी लागते. ती खाणबाधितांची आहे. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण आधी. केंद्राच्या सूचनांप्रमाणे अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रातल्या गावांत आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. माझ्या मते ही अट प्रत्येक खाणबाधित गावाला हवी, कारण धूळ क्षेत्र पाहून बसत नाही.

हमीभावाचं भांडण वेगळं, तेही लढायलाच हवं. पण तुमचं गाव बाधितांच्या यादीत आहे का अन् आजवर कोणती कामं मंजूर झाली, हे येत्या ग्रामसभेत लेखी मागा. मिळालेला कागद इथं टाका, पुढचा लेख त्यावरच लिहितो.